पॅड तीनदा बदलले, तरी ब्रेकची कुईं जाईना

कुंभार्ली घाट उतरून पोफळीत आलो, पहिल्या गतिरोधकावर ब्रेकला नुसता पाय लावला, की डाव्या पुढच्या चाकातून 'कुईंऽऽ'. शेजारी बसलेले बाबा दर वेळी तेच विचारायचे, "मागं बकरी बांधून आणलीस काय रे?" चिपळूण-कराड ही आमची महिन्यातून दोन-तीनदा होणारी फेरी. त्यामुळे बकरीही तितक्याच वेळा भेटायची.

गाडी आठ वर्षं जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, पाऊण लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले. एका वर्षात पुढचे पॅड तीनदा बदलून झाले. नवे टाकले की तीन आठवडे, फार तर महिनाभर शांतता आणि मग परत कुईं. गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "पॅड हलके निघाले, या खेपेला ओरिजिनल टाकू." ओरिजिनल टाकले. महिन्याने बकरी हजर. शेवटी एका रविवारी मीच चाक काढलं. दोष निघाला बोटभर लांबीच्या एका पिनेत. पॅड बिचारे तिन्ही वेळा फुकट गेले होते. ज्यांचा ब्रेक पॅड बदलूनही पुन्हा पुन्हा वाजतो, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कान, मग पाना

कुईं आवाज म्हणजे कंपन. पॅड फिरत्या चकतीला धरतो, निसटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि बिडाची ती चकती, म्हणजेच डिस्क, घंटेसारखी वाजू लागते. पॅड घट्ट, सरळ आणि सगळीकडून सारखा टेकत असेल तर हे कंपन सहसा माजत नाही. तो तिरका बसला, सैल हलला, कुठेतरी अडकला की माजतं. म्हणून वाजणारा पॅड बदलायच्या आधी तो ज्यात बसतो ते बघायला हवं. हे मला तीन जोड्या पॅडचे पैसे भरल्यावर कळलं.

पण ब्रेकचे सगळे आवाज कुईं नसतात. कोणता आवाज, कधी आणि कुठून, एवढं नीट ऐकलं तरी निम्मं काम झालं. त्यासाठी एक साधी युक्ती. काचा खाली करायच्या, रेडिओ आणि एसी बंद करायचा आणि एखाद्या भिंतीला लागून वीसच्या वेगाने गाडी न्यायची. आमच्याकडे चिऱ्याचे गडगे आहेत, शहरात सोसायटीची कंपाउंड वॉल चालेल. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. एकदा भिंत डावीकडे ठेवा, परत येताना उजवीकडे. कुठल्या बाजूचं चाक बोलतंय ते दोन फेऱ्यांत कळतं. पुढचं की मागचं, ते शेजारी बसलेल्या माणसाला विचारा. चालवणाऱ्याच्या कानाला सगळे आवाज पुढूनच आल्यासारखे वाटतात.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या चार-पाच ब्रेकना 'खर्र' आवाज येतो आणि मग जातो, त्याचं काही करू नका. रात्रीच्या दमट हवेने किंवा गाडी धुतल्यामुळे डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो पॅडने खरवडला जातो. चिपळुणात जुलैमध्ये हे रोजचंच.

बारीक, सतत 'चीं' येत असेल, ब्रेक न दाबताही येत असेल आणि दाबल्यावर बदलत किंवा थांबत असेल, तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी जीभ असते. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासते, मुद्दाम, तुम्हाला कळावं म्हणून. हा आवाज ऐकून महिनाभर गाडी चालवणारे लोक मला माहीत आहेत. त्यापुढचा टप्पा म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याचा 'घर्रर्र', जो पायालाही जाणवतो. तिथे मसाला संपलेला असतो आणि पॅडची पाठ डिस्कला खात असते. या आवाजाची गाडी घाटात काय, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नये. मिस्त्रींनाच घरी बोलवावं.

खडीच्या रस्त्यावरून आलात आणि अचानक भयंकर खरखर सुरू झाली, तर घाबरू नका. डिस्कच्या मागे धूळ अडवायला एक पातळ पत्रा असतो, त्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. रिकाम्या जागेत गाडी सावकाश चार-सहा फूट मागे-पुढे केली की कधीकधी आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरा बाहेर ओढायचा. याच पत्र्याला दगड लागून तो वाकला तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खस्स... खस्स' येतं. असा फेऱ्याबरोबरचा आवाज आहे आणि सोबत ब्रेकचं पेडलही पायाखाली धडधडतंय, तर मात्र डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. ते घरी सुटणारं काम नव्हे.

आणि दोन आवाज ब्रेकचे नसतातच. वेग वाढेल तशी वाढणारी, वळणावर कमी-जास्त होणारी 'घुंऽऽ' ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. गाडी सुरू करून थोडी पुढे गेल्यावर एकदाच 'घर्र' होऊन थांबणारा आवाज बऱ्याच गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःला तपासून घेतो त्याचा.

अजून एक तपासणी हाताची. पंधरा-वीस मिनिटं साधी गाडी चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. जवळ, लावायचा नाही. डिस्क तापलेली असेल तर फोड येतो. पुढच्या दोन चाकांपैकी एक स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. माझं डावं चाक दर वेळी तापायचं. उन्हाळा आहे, घाट आहे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. उजवं चाक त्याच घाटातून आलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चाक काढताना

सपाट, कडक जमीन हवी. मातीवर जॅक लावू नका, आमच्या लाल मातीत तर नाहीच. पुढचं चाक काढायचं तर हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या दोन्ही चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलली की तिच्याखाली जॅक स्टँड लावायचा. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. काढलेलं चाक आणि स्टेपनी दोन्ही गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी त्यांच्यावर टेकेल.

आतली काळी पूड फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ॲस्बेस्टॉसवर आपल्याकडे अजून सरसकट बंदी नाही आणि स्वस्त पॅडमध्ये किंवा लायनरमध्ये (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे पट्टे) नेमकं काय आहे हे पुड्यावरून कळत नाही. ब्रेक क्लीनर मारा, नाहीतर साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसा. तोंडाला मास्क हवाच.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की कोणती क्लिप कुठे होती ते बघायला जाता येतं. शिवाय मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढले होते, तरीही एक क्लिप उलटी लावली.

ती पिन

लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, असतो. पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. हे सरकणं ज्या दोन पिनांवर होतं त्या गाईड पिना. त्या मोकळ्या नसतील तर कॅलिपर सरकत नाही, किंवा सरकला तर परत येत नाही, आणि पॅड तिरका घासत राहतो.

कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट साधारण 12 किंवा 14 नंबरच्या पान्याने निघतात. बोल्टबरोबर पिन फिरत असेल तर ती दुसऱ्या पातळ पान्याने धरावी लागते. कॅलिपर सुटला की तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने वरच्या स्प्रिंगला बांधून ठेवा.

मी आधी पॅड मोजले. पाच आठवड्यांपूर्वी टाकलेले. उजव्या चाकाचे दोन्ही जवळजवळ नवे, साडेनऊ मिलिमीटर. डाव्या चाकाचा बाहेरचा साडेनऊ, आतला मात्र एका टोकाला आठ आणि दुसऱ्या टोकाला सात. पाच आठवड्यांत पॅड पाचरीसारखा झिजला होता. एकाच चाकाच्या दोन पॅडमध्ये किंवा एकाच पॅडच्या दोन टोकांत असा फरक दिसला की पॅडचा ब्रँड विसरा, अडकलेली पिन किंवा अडकलेला पिस्टन शोधा.

वरची पिन दोन बोटांनी धरली आणि सुर्रकन बाहेर आली. खालची हलेना. पक्कड लावून डावी-उजवीकडे फिरवत, दहा मिनिटांनी 'प्पक' करून निघाली. तिच्या टोकाला रबराची एक नळी असते, बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एकाच पिनेला, खडखड होऊ नये म्हणून. ती नळी भिजलेल्या मनुकेसारखी फुगली होती आणि पिन पिवळ्या ग्रीसमध्ये माखलेली. बेअरिंगला, दाराच्या बिजागऱ्यांना लावतात तेच ग्रीस.

पिन घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी ती नुसती पाहिली आणि म्हणाले, "साधं ग्रीस भरलंय कुणीतरी. याने रबर फुगतं. सिलिकॉनचं लागतं इथं."

"मग पॅड बदलल्यावर महिनाभर बरं कसं चालायचं?"

"पॅड टाकताना पिन ओढून काढतात, पुसतात, हाणून बसवतात. तेवढ्यापुरती मोकळी होते. मग परत फुगायला तेच ग्रीस आहेच की."

तीन जोड्या पॅड आणि एक वर्ष, याचं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं. ब्रेकमधल्या रबरांना खनिज तेलाचं ग्रीस सोसत नाही. त्यांना सिलिकॉनचं किंवा कॅलिपर पिनसाठी म्हणून मिळणारं ग्रीसच लागतं, त्याची छोटी पुडी एका गाडीला पुरून उरते. दोन्ही पिना, नळी आणि धुळीपासून वाचवणारे रबरी बूट असा किट मिळाला, पॅडच्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त.

पिनेचं भोक ब्रेक क्लीनर आणि गुंडाळलेल्या फडक्याने आतपर्यंत साफ केलं, जुनं पिवळं ग्रीस टिपूसभरही राहू दिलं नाही. पिनेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. भोकात ग्रीस कोंबायचं नाही, आत कोंडलेली हवा पिनेला मागे ढकलते. पिन बसवल्यावर बोटाने आत-बाहेर सरकली पाहिजे आणि रबरी बूट तिच्या खाचेत नीट बसला पाहिजे. बूट फाटका ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत जाऊन पिन गंजते. मग कितीही चांगलं ग्रीस लावा.

मग पॅड ज्या खाचेत बसतात ती खाच पाहिली. तिथे पातळ स्टीलच्या क्लिपा असतात. त्या उचकटल्यावर खाली गंजाचे पापुद्रे होते. गंज जागा खातो, क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅडचा कान तिथे अडकतो. कोकणात हा दोष घरोघरी असणार, आमच्या गाड्या वर्षातले चार महिने ओल्याच असतात. तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने फक्त गंज काढायचा, धातू नाही. पॅड अंगठ्याने ढकलल्यावर सरकावा, पण हलवल्यावर खडखडू नये.

पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, आणि कानांना ब्रेकसाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ लेप लावा. पाठीवरचे पातळ पत्रे कंपन मारण्यासाठीच असतात. ते जादा समजून फेकून देणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी आवाज जावा म्हणून डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारला होता. आवाज गेला. गाडीही गेली थेट गेटपर्यंत. पॅड फेकावे लागले.

पॅडचं तोंड काचेसारखं चकाकत असेल तर घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्याची ती खूण. मसाला पुरेसा उरला असेल तर सपाट दगडावर जाड पॉलिश पेपर ठेवून, पाणी शिंपडत, पॅड आठ-दहा वेळा फिरवला की चकाकी जाते. मी स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा वापरला. पण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायची सवय लागली नाही तर चकाकी पुन्हा येते.

पिस्टन मागे ढकलणं आणि एक चूक

नवा पॅड जाड असतो, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून क्लॅम्पने, सावकाश. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा, पातळी वर येते. कडेपर्यंत आली तर स्वच्छ सिरिंजने काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उखडतं, लगेच पाण्याने धुवा. पिस्टन क्लॅम्पलाही दाद देत नसेल, किंवा त्याच्याभोवती ओल दिसत असेल, तर तिथे थांबा आणि मिस्त्रींना बोलवा. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत बऱ्याचदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने तो मागे घ्यावा लागतो. तिथे क्लॅम्प लावून जोर करू नका.

ऑइल काळपट असेल आणि दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. घाटात ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं. आवाजाशी याचा संबंध नाही, पण चाक खोललंच आहे तर डबीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय की डॉट 4 ते बघून घ्या.

आता माझी चूक. सगळं बसवलं, नट चांदणीच्या क्रमाने आवळले, जॅक काढला, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. पिस्टन अजून मागेच होता. हँडब्रेक ओढला तेव्हा बंपर आणि गडगा यांत वीतभर अंतर होतं. तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहा. पाच वेळा, दहा वेळा, जितकं लागेल तितकं. नंतर डबीतली पातळी पुन्हा बघा.

नव्या पॅडना डिस्कवर बसायला थोडी मेहनत लागते. सकाळी सहाला गुहागर रस्ता रिकामा असतो. मागे कोणी नाही हे बघून साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक, मग अर्धा मिनिट साधं चालवून डिस्क गार होऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा केलं. पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही. पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासले.

मागच्या ड्रमबद्दल थोडक्यात. रिव्हर्स घेताना 'घुं' किंवा 'कुरर्र' येत असेल तर बहुधा आत पूड साठली आहे. पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, आणि ड्रम निघत नसेल तर त्याच्या तोंडावरच्या दोन आटे असलेल्या भोकांत योग्य बोल्ट आवळत नेला की तो बाहेर ढकलला जातो. बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. 2021 च्या जुलैत चिपळुणात पुराचं पाणी शिरलं, त्यानंतर कित्येक गाड्यांच्या ड्रममध्ये गाळाचा थर निघाला होता. एरवी आमच्याकडे निघते ती जांभ्याची तांबडी धूळ, गुलालासारखी. ती ओल्याने पुसायची, मागच्या पत्र्यावरच्या ज्या टेकूंवर लायनरची कड सरकते फक्त त्यांना ग्रीसचा ठिपका द्यायचा, एवढंच मी करतो. स्प्रिंगा आणि ॲडजस्टर यांना हात लावत नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात आणि निघताना 'टक' होतं. सपाट जागी गिअर आणि दगड पुरतात.

पिना बदलल्याला दोन पावसाळे झाले. पॅड तेच आहेत, डावा-उजवा सारखा झिजतोय, दर सहा महिन्यांनी मोजून वहीत लिहितो. पोफळीच्या गतिरोधकावर आता काही ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र रिव्हर्स घेताना मागच्या उजव्या चाकातून घुमल्यासारखं काहीतरी येतंय. बाबांनी ओट्यावर बसल्या बसल्या ऐकलं आणि म्हणाले, "बकरी विकून म्हैस घेतलीस वाटतं." रविवारी ड्रम खोलायचाय.